निकाल ज्याचा त्याचा

कागदावर तळहात आडवा ठेवायचा आणि म्हणायचं, "हे आपलं नाही." मी काकांना पहिल्यांदा पाहिलं ते हे करताना, आणि पुढे दिवसातून चार-पाच वेळा तरी पाहत राहिले. हात मोठा होता, चार ओळी सहज झाकायचा. मग दुसऱ्या हाताने काळा मार्कर उघडायचा, तळहात एकेक ओळ खाली सरकवत जायचा आणि पानावर काळी पट्टी उमटायची.

आमचं ऑफिस आयर्लंडमध्ये, क्लोनडॉकिन भागातल्या एका बिझनेस पार्कमध्ये. आयुर्विम्याचे अर्ज तपासायचं काम. इथे घरासाठी कर्ज काढायचं तर बँक आधी विमा काढायला लावते, त्यामुळे अर्जांना खंड नसे. अर्जदाराचा डॉक्टर तब्येतीचा अहवाल पाठवतो. आयर्लंडचा कायदा असा, की जनुकीय चाचणीचा निकाल विमा कंपनीने मागायचा नाही आणि कुणी चुकून पाठवला तरी विचारात घ्यायचा नाही. डॉक्टर मंडळी घाईत असतात, सगळी फाइलच पाठवून देतात. मग त्यातल्या नको त्या ओळी आमच्यापर्यंत येण्याआधी कुणीतरी काळ्या करायला हव्यात. ते कुणीतरी म्हणजे हे.

मी एकदा विचारलं, "काका, न वाचता कळतं कसं काय झाकायचं?"

"नजर टाकतो. वाचत नाही."

"त्यात फरक काय?"

"तुला नाही कळणार. तू सिनेमा संपल्यावरची नावंसुद्धा शेवटपर्यंत वाचतेस."

हे खरं होतं. मी भोचक आहे, आणि ते मी कधी लपवलेलं नाही. तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल, जो नियमाचं बोट सोडत नाही आणि त्यामुळे बाकीच्यांच्या जिवाला घोर लावतो. आमच्याकडे हे होते. पन्नाशीचे, मूळचे अमरावतीचे, वीस वर्षं इथे, लग्न केलेलं नाही. रस्ता रिकामा असला तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत उभे. कुणी कसे आहात विचारलं की इथल्या पद्धतीने "ग्रँड", म्हणजे मजेत. दाढ दुखून गाल सुजलेला असतानाही "ग्रँड."

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये कोविडमुळे सगळे घरून काम करू लागलो. आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, म्हणून संध्याकाळी कालव्याकाठी फिरायला एकत्र जायचो. एकत्र म्हणजे ते पुढे, मी मागे, मध्ये दोन मीटर. त्यांनी पहिल्या दिवशी पावलं मोजून मला अंतर दाखवलं होतं. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि हंसांना खायला घालायला आलेल्या आयरिश आज्या आमच्याकडे वळून बघत.

त्याआधीच्या हिवाळ्यात त्यांना दोनदा चक्कर आली होती, हे मला जुलैमध्ये कळलं. हृदयाच्या तपासण्या झाल्या होत्या, मग रक्त जनुकांच्या तपासणीला गेलं होतं. निकाल आला त्या दिवशी ते नेहमीपेक्षा भरभर चालत होते. एकदम थांबले आणि वळून म्हणाले, "बाबा व्हॉलीबॉल खेळताना गेले. शेहेचाळीस वर्षांचे होते. आम्ही समजलो अटॅक. तो अटॅक नव्हता. हृदयाचा स्नायू जाड होत जातो. ते माझ्यात आलंय."

मी दोन मीटर विसरून पुढे गेले. ते मागे सरकले.

स्वतःची त्यांना फारशी काळजी नव्हती. गोळ्या सुरू झाल्या होत्या, पळायचं नाही असं सांगितलं होतं, ते तसेही कधी पळत नसत. काळजी होती अमरावतीच्या धाकट्या भावाची. त्याच्यात हा दोष असण्याची शक्यता निम्मी. आणि त्याच्यात असला तर त्याच्या एकुलत्या एक मुलीत असण्याची पुन्हा निम्मी. मुलगी सतरा वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करत होती आणि रोज धावत होती.

दवाखान्याने त्यांना एक पत्र दिलं होतं, नातेवाइकांना द्यायचं. दवाखाना स्वतः कुणाला कळवत नाही, ज्याचा निकाल त्यानेच ठरवायचं. त्यांनी ते पत्र मराठीत आणलं आणि मला तपासायला दिलं. पहिलंच वाक्य होतं, "आपणांस हृदयस्नायूच्या आनुवंशिक स्थूलत्वाची संभाव्यता असल्याचे निदर्शनास आणून देण्यात येत आहे." मी म्हटलं, काका, हे वाचून भाऊ घाबरण्याआधी झोपेल. ते ओशाळले. मग बाकावर दोन टोकांना बसून आम्ही ते पुन्हा लिहिलं. बाबा ज्याने गेले ते माझ्यात आहे. तुझ्यात असू शकतं. तुझ्यात असलं तर पोरीत असू शकतं. तू एकदा तपासून घे, तोवर तिला पळू देऊ नकोस. इतकंच. ते लिहिताना पोरगी हा शब्द आला आणि त्यांचं पेन थांबलं. मी कालव्याकडे बघत बसले.

भावाने पत्र वाचून फोन केला. तो काय म्हणाला हे त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं, अगदी त्याच्या बोलीत. "तुह्या तिकडचा कायदा तिकडंच ठेव, दादा. इथं एक कागद निघाला का पोरगी मेडिकलमध्ये बाद. चार वर्षं झाली ती पळून राहिली. मी तपासत नाही, अन् तू तिले एक शब्द सांगायचा नाही."

मला भावाचा राग आला, पण त्याचं अगदीच चुकीचं होतं असंही म्हणता येईना. आमच्याकडे अर्जावर एक प्रश्न असतोच, आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हृदयविकार झाला का. चाचणीचा निकाल विचारायला इथे बंदी आहे, घरच्यांचे आजार विचारायला नाही. म्हणजे न कळलेला माणूस निर्धास्तपणे "नाही" लिहितो आणि कळलेला अडकतो. भावाला न शिकवता हे बरोबर समजलं होतं. फक्त त्याच्या हिशेबात पोरीचा जीव धरलेला नव्हता.

आणि यांनी त्याचं ऐकलं. मुलगी अल्पवयीन आहे, बाप जिवंत आहे, मी कोण, असं म्हणाले. अठरा पूर्ण झाली की माहिती तिची, तेव्हा सांगेन. अठरा पूर्ण व्हायला दहा महिने होते. मी म्हटलं, या दहा महिन्यांत तिला काही झालं तर तुमचा नियम काय करणार आहे? दुसऱ्या दिवशी ते फिरायला आले नाहीत.

तिथून त्यांचं दुपारचं प्रकरण सुरू झालं. मुलीच्या फोनमध्ये धावण्याचं एक ॲप होतं. किती धावलं, कुठे धावलं, हे त्यावर ओळखीच्यांना दिसतं. तिने मोठ्या कौतुकाने काकांना त्यात घेतलं होतं. तिकडे संध्याकाळ व्हायला लागते तेव्हा इथे दुपारचे बारा वाजतात. बरोबर बाराला ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर यांचा कॅमेरा बंद व्हायचा. इथे रेडिओवर आणि चर्चमध्ये दुपारी बाराला प्रार्थनेची घंटा होते, तिला अँजेलस म्हणतात. आमची आयरिश टीम लीडर हसून म्हणायची, "युअर मॅन इज ॲट हिज अँजेलस," म्हणजे स्वारी प्रार्थनेला बसली. सगळे हसत, मीही हसे. ते त्या वेळी स्वयंपाकघरात ओट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत येरझाऱ्या घालत असत, हे मला एकटीला माहीत होतं. ॲपवर तिचं धावणं नोंदलं गेलं, मैदानाभोवतीची ती लाल वेटोळी दिसली, की कॅमेरा सुरू. मग जेवायला बसायचे.

एखादे दिवशी ती उशिरा धावायची. कधी तिच्या फोनची बॅटरी संपायची. अशा दिवशी ते मला फक्त प्रश्नचिन्ह पाठवत. त्याला मी काय उत्तर देणार? पण हळूहळू मलाही बारा वाजले की सुचेनासं झालं. एका मुलीला मी कधी पाहिलेलं नाही, आणि ती आज पाचशे मीटर जास्त धावली असं ते सांगतात तेव्हा माझा घास ताटातच राहतो. मी त्यांच्यावर चिडत असे आणि तेही माझ्यावर चिडत. कालव्याकाठी आम्ही दोघं भांडत चालायचो, तेही दोन मीटरांवरून, म्हणजे सगळ्या क्लोनडॉकिनला ऐकू जाईल असं.

जानेवारीत मी ॲपवर तिला शोधून काढलं. संदेश लिहिला. तू मला ओळखत नाहीस, पण तुझ्या आजोबांच्या आजाराबद्दल तुला काही माहीत असायला हवं. पाठवायच्या आधी त्यांना फोन केला. परवानगीसाठी नव्हे, मी काय करणार आहे ते त्यांना कळावं म्हणून.

त्यांनी तो संदेश मला वाचून दाखवायला लावला. मग म्हणाले, "पाठव. मी तुला अडवू शकत नाही. पण तिला हे परक्या बाईकडून कळेल. मग ती मला विचारेल, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? तेव्हा मी काय सांगू, ते पण लिहून दे."

मी संदेश पुसला. पुसला हे योग्य केलं की नाही, मला आजही माहीत नाही. तिला त्या महिन्यांत काही झालं नाही म्हणून मी हे इतक्या शांतपणे लिहू शकते आहे. झालं असतं तर मी स्वतःला आणि त्यांना, दोघांनाही माफ केलं नसतं.

जूनमध्ये ती अठरा वर्षांची झाली. त्यांनी त्या दिवशी सुट्टी घेतली. केक कापून झाला असेल अशा बेताने फोन केला आणि सगळं सांगितलं, स्वतःला कधीपासून माहीत होतं हेसुद्धा. शेवटी ती "बरं, मोठे बाबा" म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाराला ॲपवर तिचं पान उघडेना. तिने यांना काढून टाकलं होतं. फोन उचलत नव्हती. भाऊ तर शिव्याच घालत होता. मी त्यांच्या दारात गेले, ते उंबऱ्याच्या आत आणि मी बाहेर. मला वाटलं होतं कोसळले असतील. पण ते तिचीच बाजू घेऊन मला समजावत होते. तिला हक्क आहे, म्हणाले, तिचं धावणं मी का बघायचं? त्यांच्या येरझाऱ्या थांबल्या नाहीत. आधी अर्ध्या तासाने तरी सुटका व्हायची, आता ती होईना. महिनाभरात त्यांचा चेहरा ओढला गेला.

ऑगस्टमध्ये ते अमरावतीला गेले. परतताना किती दिवस कोंडून घ्यावं लागेल, कुठले कागद लागतील, याची त्यांनी या खेपेला चौकशीसुद्धा केली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

ते परत आलेच नाहीत. सप्टेंबरअखेर राजीनाम्याची मेल आली, कारण एका शब्दात, कौटुंबिक. टीम लीडरने मला विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, मला माहीत नाही. तिला वाटलं मी लपवते आहे. त्यांचं काम आता एक सॉफ्टवेअर करतं आणि बऱ्यापैकी करतं. ते अधूनमधून फोन करतात, पाऊस, माझी नोकरी, माझ्या लग्नाचं काय, असं बोलतात. मुलीचं मी विचारत नाही. विचारायचं असतं, दर वेळी असतं, जिभेवर येतं आणि मी गिळते.

जे मला माहीत आहे ते एवढंच, गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आलेल्या एका फोनमधलं. ते मित्राच्या घरी उतरले होते आणि रोज संध्याकाळी मैदानाच्या फाटकाबाहेर उभे राहत होते. आत जायचे नाहीत, हाक मारायचे नाहीत. ती धावून बाहेर पडायची आणि त्यांच्याकडे न बघता सायकल काढायची. सतराव्या दिवशी ती समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, उद्या हृदयाची सोनोग्राफी करायला जाऊ. पण आत मी एकटी जाणार, आणि तुम्ही मला काही विचारायचं नाही, आज नाही आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी ते मित्राच्या स्कूटरवरून तिला दवाखान्यात घेऊन गेले. पाऊण तास बाहेर बाकावर बसले. ती हातात मोठं पाकीट घेऊन बाहेर आली, मागे बसली आणि म्हणाली, "चला."

"मग?" मी विचारलं.

"मग घरी सोडलं."

"काका, काहीच बोलली नाही?"

"वाटेत कुल्फी घ्यायची का विचारलं मी. नको म्हणाली."

मला राहवेना. म्हटलं, चेहऱ्यावरून तरी काही कळलं असेल. मागे बसली होती, आरशात दिसली असेल.

"निघायच्या आधीच," ते म्हणाले, "आरसा मी बाहेरच्या बाजूला वळवून ठेवला होता."