भात्याचा उलटा श्वास

माझ्या मामाला बँडमधले लोक ‘भाता’ म्हणतात. लोहाराकडे असतो ना, तो. हे नाव पडलं तेव्हा त्याच्या छातीत खरोखरच तेवढी हवा मावायची. बागेतल्या चौथऱ्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कार्यक्रम असे आणि शेवटच्या गतीचा, म्हणजे शेवटच्या धुनेचा, अखेरचा सूर मामाच्या ट्रम्पेटचा असे. मामाने तो सूर धरला की पुढच्या बाकावरचे एक आजोबा खिशातून रुमाल काढत, चष्मा पुसत, डोळ्यांवर चढवत आणि वर पाहत, तेव्हाही मामा तोच सूर धरून उभा. चेहरा टोमॅटो, मिशी ताठ, डोळे मिटलेले. लहानपणी माझी खात्री होती की मामा श्वास घेतच नाही. महिन्याच्या किराण्याबरोबर तो त्याला घरपोच येत असावा.

अशा माणसाला दमा व्हावा, म्हणजे पोहायला शिकवणाऱ्याने बादलीत बुडावं. पण झाला. पन्नाशी उलटल्यावर जिना चढताना मामाच्या छातीत एक मांजर गुरगुरायला लागलं. मामा म्हणाला, सर्दी आहे. हळूहळू मांजर जिना उतरतानाही गुरगुरायला लागलं, तेव्हा मामीने त्याला दवाखान्यात नेलं. तिथून दोन पंप मिळाले. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, निळा श्वास अडकेल तेव्हा.

औषधाच्या बाबतीत मामा इमानी माणूस. जेवण चुकेल, पंप चुकणार नाही. आणि तरीही मांजर दिवसेंदिवस गुबगुबीत होत गेलं. शेवटचा सूर आधी डळमळला, मग मधेच तुटायला लागला. चष्मेवाल्या आजोबांचा रुमाल खिशातून निघायच्या आतच सूर संपायचा.

बँडमास्तर म्हणजे काडीसारखा माणूस, आवाज कधी चढवणार नाही. त्याने मामाला बाजूला घेतलं.

“भाता, पुढच्या खेपेला सूर तुटला तर ट्रम्पेट दुसऱ्याला देऊ. तू झांजा घे.”

“झांजा?”

“झांजांना श्वास लागत नाही रे.”

मामा घरी आला तो जेवलाच नाही. मामी मला म्हणाली, “बायको बदल म्हणाले असते ना मास्तर, तरी दोन घास खाल्ले असते यांनी.”

दुसऱ्या दिवशी मी आणि मामीने त्याला पुन्हा दवाखान्यात ओढलं. या वेळी नव्या डॉक्टरीणबाई होत्या. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या, आणि तिच्यासारख्याच समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देणाऱ्या.

“पंप घेता, काका?”

“घेतो.”

“रोज?”

“न चुकता.”

मामी म्हणाली, “याबाबतीत मात्र खरं बोलतात.”

“मग माझ्यासमोर एकदा घेऊन दाखवा.”

इतक्या दिवसांत हे कुणी म्हटलं नव्हतं. मामा खूश झाला. वाजवणाऱ्या माणसाला ‘दाखवा’ म्हटलं की तो खूश होतोच. तो खुर्चीच्या कडेवर ताठ बसला, पाय फाकवले, पंप हलवला. छाती भरून हवा घेतली, नळीभोवती ओठ आवळले, डोळे मिटले, बोट दाबलं आणि फुंकला.

पांढरा फवारा उडाला आणि अलगद त्याच्या मिशीवर बसला.

डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळ मिशीकडे पाहिलं. “काका, हे पहिल्यापासून असंच?”

“असंच.”

“अहो, औषध आत ओढायचं असतं.”

मामाने एकदा पंपाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “बाई, ओठाला नळी लागली की मी फुंकतो. आयुष्यभर तेच केलंय.”

“म्हणजे एवढे दिवस,” मामी म्हणाली, “आपण मिशीचा दमा बरा करत होतो.”

बाईंनी मग एकेक पायरी शिकवली. आधी छाती रिकामी करायची, मग ओठ लावायचे, हळूहळू आत ओढता ओढता बोट दाबायचं, आणि श्वास जमेल तितका धरून ठेवायचा. रिकाम्या छातीने नळीला ओठ लावायचे, हे ऐकूनच मामा पांढरा पडला. ट्रम्पेटवाल्याला ते विजार न घालता चौथऱ्यावर चढण्यासारखं वाटत असणार.

घरी तालीम सुरू झाली. बँडमास्तर मामी, हातात पळी. पळी खाली गेली की श्वास सोडायचा, वर आली की ओढायचा. पहिले काही दिवस मामा ऐन वेळी फुंकायचा आणि मामी मुकाट्याने त्याच्या मिशीवर बोट फिरवून ओलं बोट त्याच्या नाकासमोर धरायची. मग एका सकाळी बोट कोरडं निघालं. दमा काही गेला नाही, जाईल असं बाईंनीही म्हटलं नव्हतं. पण मांजर वाळत गेलं, झोपा काढायला लागलं.

त्या दिवसांत मामा एकदा खिडकीशी बसून मला म्हणाला, “श्वास आत येताना थंड असतो रे. पार खालपर्यंत जातो. मी जन्मभर नुसता खर्चच करत आलो, येतो कुठून ते कधी पाहिलंच नाही.” मीही गुपचूप एक श्वास घेऊन पाहिला. खरंच थंड होता.

कार्यक्रमाच्या दिवशी माळ्याने नेमकं दुपारीच बागेतलं गवत कापलं, आणि त्याची बारीक धूळ अजून हवेत होती. शेवटची गत निम्मी झाली आणि मला मामाचे खांदे वर चढताना दिसले. मांजर उठलं होतं. पुढे क्लॅरिनेट आणि बासऱ्यांचा मोठा तुकडा होता, त्यानंतर मामाचा सूर.

मामाने ट्रम्पेट काखेत धरलं आणि सोनेरी गुंड्यांच्या कोटातून निळा पंप काढला. एवढ्या लोकांसमोर पहिल्यांदाच.

मामीने माझं मनगट आवळलं. “फुंकतील. अंगात कोट आहे, समोर लोक आहेत. फुंकतील बघ.”

मामाने पंप हलवला. ओठांजवळ नेला आणि थांबला. गाल फुगायला लागले होते. मग त्याने पंप खाली घेतला, मान वळवून सगळी हवा सोडून दिली, अगदी खांदे पडेपर्यंत, आणि पुन्हा ओठ लावले.

बँडमास्तरने हे पाहिलं. त्याने छडीने हवेत एक लहानसं वर्तुळ काढलं आणि क्लॅरिनेटवाले मुकाट तुकड्याच्या सुरुवातीला गेले. तुकडा संपला, पुन्हा वर्तुळ. लोकांना वाटलं, गत अशीच असावी. मधे मामाने आणखी एकदा पंप घेतला. चौथऱ्यावरची सगळी माणसं एका माणसाच्या छातीत जागा होईपर्यंत तेच तेच वाजवत राहिली, आणि एकाही चेहऱ्यावर त्रास नव्हता.

मग मामाचे खांदे खाली आले. त्याने मास्तरकडे पाहून मान हलवली आणि ट्रम्पेट उचललं.

सूर निघाला. जुन्यासारखा धटिंगण नव्हता. बारीक होता, स्वच्छ होता, आणि थांबत नव्हता. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला. झाडांखालची माणसं बोलायची थांबली. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मीच श्वास घेतलेला नाही.

टाळ्या संपायच्या आत मामी चौथऱ्याच्या पायऱ्या चढून गेली. सगळ्या बँडदेखत तिने मामाच्या मिशीवरून बोट फिरवलं आणि ते वळून मला दाखवलं.

“कोरडं आहे,” ती म्हणाली.