चुरचुरलं म्हणजे असर!

देवासला आमच्या ओट्यावर दुपारी मेथी निवडायला बायका जमल्या की जुड्या संपतात, किस्से संपत नाहीत. हल्ली निम्मे किस्से तर क्रीमचेच. कोणीतरी मोबाईलवर भजन लावतं आणि मधेच एक बाई गोड आवाजात विचारते, "क्या आप भी अपनी त्वचा से परेशान हैं?" परेशान नसलेलीसुद्धा लगेच गाल चाचपते!

सगळ्या हसतात. मीही हसते, पण जीव मनूपाशी असतो. माझी मुलगी, सहा वर्षांची, माझ्यासारखीच सावळी. जवळच खेळत असते आणि सगळं ऐकते.

*

सासूबाई लग्न होऊन साताऱ्याकडून इथे आल्या त्याला तीस वर्षं झाली, पण त्यांचं हिंदी अजून भाजीवाल्यापुरतंच. एकदा जाहिरात लागली, "सात दिन में चेहरे पर निखार!" त्यांच्या हातातली जुडी खालीच पडली.

"अगं बाई! तोंडावर निखारे? आणि ही बया हसतेय कशी?"

*

एक मुलगी क्रीम विकायला आली. "आंटी, हर डिब्बी के साथ उपहार!" शेजारच्या सुलभाकाकूंना वाटलं उपाहार, म्हणजे चिवडा-बिवडा काहीतरी असेल. डबी घेऊन तासभर बसून राहिल्या. शेवटी मुलीने भेट म्हणून हातात कंगवा ठेवला.

काकू म्हणाल्या, "बाळा, यासोबत चहा तरी दे!"

*

माझाही एक किस्सा आहे. ओट्यावर तो मीच हसत सांगते, पण झाला तेव्हा हसले नव्हते.

मी सातवीपर्यंत शिकलेली, तीही हिंदीत, म्हणून डबीवरचं अक्षर न् अक्षर वाचते. छापलंय म्हणजे खरंच असणार! लिहिलं होतं, "हल्की चुनचुनाहट यानी असर शुरू." लावलं. गाल चुरचुरायला लागले, मग पेटलेच. मी मनात म्हटलं, चला, असर झाला! जास्त आग, जास्त असर! दात आवळून बसले. हे कामावरून आले आणि दारातच थांबले.

"कोणी मारलं गं तुला?"

पार्लरवाल्या दीदीला विचारलं, तर ती म्हणते, "भाभी, अंदर का कालापन बाहर आ रहा है!"

म्हणजे अजून आत आहे? किती आहे? चार दिवस मला तीच काळजी!

*

पाचव्या दिवशी बघते तर मनू गालांना ओली कणीक फासून आरशासमोर उभी.

"आई, चुरचुरतच नाहीये गं. अजून लावू?"

डबी मी त्याच दिवशी फेकली. मनूच्या कानात गेलेलं कसं काढायचं, ते मात्र कळेना.

*

सुट्टीत माहेरी धारला गेले. शाळेच्या फॉर्मला मनूचा फोटो हवा होता. स्टुडिओवाल्याला सगळे भिया, म्हणजे भैया म्हणतात; चांगला माणूस. मनूला हसवून हसवून फोटो काढला. मग कॉम्प्युटरवर बसून म्हणाला, "बेन, छोरी को थोड़ा साफ कर दूँ?"

मी तर आंघोळ घालूनच आणली होती! ते सांगेपर्यंत त्याने बटण दाबलंसुद्धा.

पडद्यावर शेजारी शेजारी दोन मनू. एक आमची, एक गोरीपान.

"ये पहले वाली, ये बाद वाली. बोलो बेन, कौन-सी रखूँ, कौन-सी हटा दूँ?"

मी तोंड उघडायच्या आत मनूने माझा हात घट्ट धरला.

"आई, हटवलेली मनू कुठे राहणार?"