वाउटरचा तक्ता

माझा मुलगा वाउटर वाईट माणूस नाही. दारू पीत नाही, आवाज चढवत नाही, बायकोच्या नोकरीचं चारचौघांत कौतुक करतो. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे. आणि त्याला वाढवलं मी, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नाही.

तो आठवड्यातले चार दिवस विमा कंपनीत जातो. शुक्रवार हा त्याचा ‘बापाचा दिवस’. आमच्या आमर्सफोर्ट शहरात हल्ली प्रत्येक तरुण बापाला असा एक दिवस असतो, आणि तो त्याबद्दल इतकं बोलतो की वाटावं यानेच पोरं पोटात वाढवली. वाउटर आपल्या या ‘बापाच्या दिवशी’ साडेआठला थोरल्या पिमला शाळेत सोडतो, नऊला धाकट्या, दोन वर्षांच्या लोटला माझ्या दारात उभं करतो आणि घट्ट चड्डी घालून सायकल हाणत निघून जातो. “आई, दोनच तास हं.” उगवतो साडेतीनला. माझा नातवंडांचा दिवस खरं म्हणजे मंगळवार. शुक्रवार मला कधी चिकटला ते माझं मलाच कळलं नाही.

सून हेस्टर पाणीखात्यात आहे. बंधारे, कालवे, पंपघरं. ती पंपघरं दोन दिवस बंद पडली तर आम्ही सगळे गुडघाभर पाण्यात उभे राहू. लोट झाल्यापासून ती तीनच दिवस कामाला जाते. इथल्या बहुतेक आया तेच करतात आणि जी करत नाही तिच्याकडे शाळेच्या फाटकाशी बाकीच्या बघतात. या सप्टेंबरात तिला आख्ख्या विभागाची प्रमुख व्हायला बोलावलं. पाच दिवस. उत्तर महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत द्यायचं होतं. हे पद गेलं तर पुन्हा विचारणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

वाउटरने बापाचे दिवस दोन करावेत, असं तिने एकदा सुचवलं. तो म्हणाला, “आत्ता कामाच्या दृष्टीने ते नाजूक आहे.” पिम झाल्यापासून सहा वर्षं ते नाजूकच आहे.

मग त्याला तोडगा सुचला. ओ-पेअर. म्हणजे परदेशातली एक तरुण मुलगी वर्षभर घरात ठेवायची. तिला खोली, जेवण, थोडा हातखर्च द्यायचा. तिने पोरं सांभाळायची. तिला मोलकरीण म्हणायचं नाही. आमच्यात कुणी नोकर ठेवत नाही, शी, कसं दिसतं ते. ती म्हणे घरातलीच एक. पेरूमधल्या एका मुलीचा फोटो त्याने मला दाखवला आणि म्हणाला, “आई, पोरं स्पॅनिश शिकतील.” पोरांना स्वतःचे बूट घालायला शिकव आधी, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

अशा मुलीसाठी वेगळी खोली लागते. माळ्यावरची खोली त्याने एका दुपारात रिकामी केली. त्याच खोलीत एक टेबल मांडू दे म्हणून हेस्टर चार वर्षं मागे लागली होती, तेव्हा तिथे त्याचं व्यायामाचं यंत्र होतं आणि ते हलवता येत नव्हतं.

मुलीने काय काय करायचं त्याचा तक्ताही लेखी द्यावा लागतो. तो त्याने स्वतः केला. रविवारभर हेस्टरच्या मागे वही घेऊन फिरला. “डबे किती वाजता? पोहण्याची पिशवी कोण भरतं? लोटच्या कानांचे थेंब कधी?” चार रंगांत लिहिलं. एवढी मेहनत त्याने परीक्षेलाही घेतली नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी अशा मुली पुरवणाऱ्या संस्थेच्या डेक्कर बाई घर पाहायला आल्या. मीही होते. वाउटरने कॉफीबरोबर सगळ्यांना एकेक बिस्किट वाढलं, डब्याचं झाकण लावलं आणि तक्ता पुढे सरकवला. बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ वाचत होत्या.

“हे एकोणपन्नास तास होतात,” त्या म्हणाल्या.

“हो, सगळं आलंय त्यात,” वाउटर खुशीत म्हणाला.

“आठवड्याला तीसच्या वर एका मुलीला सांगता येत नाही. दोन दिवस पूर्ण सुट्टी. आणि ती आजारी पडली तर बदली कोण, तेही लिहावं लागतं. हे सगळं सध्या कोण करतं?”

“मी,” हेस्टर म्हणाली.

“नोकरी सांभाळून?”

“हो.”

“आणि तुमची बदली?”

हेस्टरने वाउटरकडे पाहिलं. वाउटरने माझ्याकडे पाहिलं. मला इतकी लाज वाटली की मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले.

आतून ऐकू आलं, हेस्टर शांतपणे विचारत होती, “बाई, हा ओ-पेअरच्या कराराचा कोरा कागद मी ठेवून घेऊ का?”

शनिवारी सकाळी वाउटरचा फोन. “आई, हेस्टर माळ्यावर राहायला गेली.”

“भांडलात?”

“नाही ना. हसत होती. तिने तो करार स्वतःच्या नावाने भरलाय आणि फ्रिजवर लावलाय. आठवड्याला तीस तास. दोन दिवस सुट्टी. खोलीला कुलूप. आणि खात्याला होकार कळवून टाकलाय.”

“बरं केलं.”

“काय बरं केलं? आज तिची सुट्टी आहे म्हणे. लोट रडतेय, पिमचा पोहण्याचा चष्मा सापडत नाहीये. उरलेले एकोणीस तास मी कुठून आणू? आई, तू शुक्रवारी लोटला सांभाळतेसच, त्याला बुधवार जोडला तर...”

‘आण इकडे, मी बघते’ हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. मी तो जन्मल्यापासून तेच म्हणत आले; त्याच्या बापालाही तेच म्हणत आले. या वेळी ते शब्द गिळले.

“मी मंगळवारी येईन,” मी म्हटलं. “शुक्रवार बापाचा असतो.”

“आई, तू कुणाच्या बाजूने आहेस?”

“ते राहू दे. लोट कोणत्या कानामुळे रडतेय ते बघ.”

“म्हणजे? कोणता कान?”

त्याने चार रंगांत लिहिलं होतं, ‘लोटचे कान: सोमवार, गुरुवार, औषधाचे थेंब.’ कोणता कान दुखतो, हे पोरीच्या बापाने अजून कुणाला विचारलंच नव्हतं.