पिकपसाठी गाऱ्हाणं

प्रसाद कारखान्याच्या गेटवर स्वतःच आला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझा नवरा गोव्यातल्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे आणि त्याच कारखान्यात दुपारचं जेवण मी पोचवते. पण ड्युटी चालू असताना तो कधी बाहेर येत नाही. मी पिकपच्या मागच्या फाळक्यावरून भाताचा टोप ओढत होते. तो म्हणाला, "ठेव ते. घरी जाऊया. बाबा गेले." सकाळची पेज पिऊन खिडकीशी बसले होते, बसल्या जागी मान कलली, एवढंच झालं... मी गाडीत बसून चावी फिरवली आणि आमची ती जुनी पिकप पहिल्याच फटक्यात सुरू झाली. रोज सकाळी नखरे केल्याशिवाय जागची न हलणारी गाडी नेमकी त्या दिवशी शहाण्यासारखी वागली, आणि मला तिचा असा राग आला की दारावर एक लाथ घालावी. अडून बसायचंस की आज, म्हणजे घटकाभर तरी मला वाटलं असतं की बाबा येतीलच आता बॉनेट उघडायला.

बाबा म्हणजे माझे सासरे. मूळचे पेडण्याचेच, पण उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पाळीच्या खाणीवर काढली. तिथे एखादं यंत्र बंद पडलं की फिटर लोकांना घेऊन जाणारी गाडी ते चालवायचे, आणि फिटर काम करत असताना इतर ड्रायव्हरांसारखे झाडाखाली न झोपता शेजारी उभे राहून बघायचे. तेवढ्यावर हात बसला. खाणी बंद झाल्या तसे ते गावी परतले आणि येताना कुणाची तरी वापरून जुनी झालेली एक पिकप घेऊन आले. तिच्या फटींतून खाणीची तांबडी माती आजही निघते. "लोक म्हातारपणाक गाय हाडतत, ह्येनी सवत हाडली," असं माझ्या सासूबाई येईल त्या पाहुण्याला सांगायच्या. बाबा हसायचे. सवतीची बाजू घेण्याइतके ते भोळे नव्हते.

मी सावंतवाडीकडची. लग्न होऊन आले तेव्हा मला स्कूटरपलीकडे काही चालवता येत नव्हतं. जेवणाचं काम मी हट्टाने घेतलं; घरातून कुणाचाच फारसा होकार नव्हता. भात, हुमण म्हणजे माशांची आमटी, एखादी सुकी भाजी आणि उंडे पाव, असं रोजचं जेवण. सुरुवातीलाच कारखान्याच्या साहेबांनी बजावलं होतं की कामगारांची सुट्टी ठरलेली असते, जेवण उशिरा आलं तर आम्हाला दुसरं कुणी तरी बघावं लागेल. ठरवलेला टेम्पोवाला लगेचच फिरकायचा बंद झाला. मी ओसरीवर बसून रडत होते, म्हणजे खरं तर टेम्पोवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते. बाबा म्हणाले, "रडतंस कित्याक? मी नेतंय." काही महिने त्यांनी नेलंही. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि एक दिवस चावी माझ्या हातात ठेवून ते स्वतः बाजूच्या सीटवर जाऊन बसले. गाडी कशी चालवायची ते मी पटकन शिकले. ती बंद पडली की काय करायचं, हे शिकायला मात्र माझ्यासारख्या उतावळ्या बाईला बरीच वर्षं लागली.

कारण बाबांची पद्धतच तशी होती. गाडी सुरू झाली नाही की मी आधी बॅटरीला शिव्या घालायची, मग कंपनीला. बाबा सावकाश उतरायचे. बॅटरीच्या टोकांना हात लावून बघायचे, फ्यूज काढून उजेडात धरायचे, बेल्ट अंगठ्याने दाबायचे. हे सगळं न चिडता. आणि तरी गाडी ऐकत नसली तर बॉनेटसमोर उभं राहून, हात जोडून चक्क गाऱ्हाणं घालायचे. आमच्याकडे कुठलंही मोठं काम असलं की घरातला जाणता माणूस देवापुढे उभा राहून मोठ्याने काय असेल ते मागतो आणि बाकीचे दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. पण तो मान कार्याला, नव्या घराला, देवळातल्या जत्रेला. गाडीला गाऱ्हाणं घालणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"बा देवा म्हाराजा! बॅटरीची टोकां घासून आवळली..." बाबा सुरू करायचे आणि थांबून माझ्याकडे बघायचे. हुमण गार होत असायचं, माझं डोकं तापलेलं असायचं, पण सुटका नव्हती.

"व्हय म्हाराजा," मी म्हणायची.

"फ्यूज बघले, एकय गेलेलो नाय."

"व्हय म्हाराजा."

"टाकयेत डिझेल आसा..." आणि एकदा इथेच ते अडकले. जोडलेले हात सोडून म्हणाले, "थांब गो. डिझेल बघूकच नाय." काटा अर्ध्यावर होता, पण तो काटा आमच्या गाडीत नेहमीच अर्ध्यावर असतो. टाकीत काठी घालून बघितली तर कोरडी ठणठणीत! त्या दिवशी मला हसू आवरेना आणि त्याच दिवशी बाबांचं गाऱ्हाणं मला समजलं. देवापुढे खोटं बोलायचं नाही, म्हणून जे खरोखर तपासलं तेवढंच तोंडातून काढायचं. जिथे जीभ अडखळेल तिथे जाऊन बघायचं. मी त्यांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, "ता तुजा शहाणपण तुजेकडे ठेव. मी देवाक सांगतंय." आणि ते खरंच देवालाच सांगत होते.

शिकवणं असं त्यांनी कधी केलं नाही, पण बडबड खूप करायचे. चावी फिरवल्यावर नुसती 'टक' झाली तर वेगळं दुखणं, काहीच आवाज नाही तर वेगळं, आणि इंजिन फिरवणारा सेल्फ म्हाताऱ्यासारखा कण्हत फिरला तर बॅटरीचं पोट रिकामं. पावसात सुरू होताना किंचाळली तर बेल्ट सैल. एका बाजूचा इंडिकेटर घाईघाईने लुकलुकायला लागला तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला. डिझेल संपून गाडी बंद पडली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही, नळीत हवा शिरलेली असते. मग फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहायचं, बुडबुडे संपून नुसतं डिझेल येईपर्यंत. ही कामं करून माझ्या नखांत तेल बसलं आणि ते बघून माहेरची माणसं हळहळली. बाबांना मात्र कोण अभिमान! केरीला एका लग्नात त्यांनी व्याह्यांना माझे हात दाखवले होते. मी लाजेने मेले आणि आतून फुगलेही.

पण बाबा चुकायचेच नाहीत असं समजू नका. दसऱ्याला गाडीची पूजा, तिथे तर त्यांच्या श्रद्धेला ऊत यायचा. एका वर्षी त्यांनी रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या फुलांचा असा दणदणीत हार केला की गाडीचं तोंडच दिसेना. त्यात आंब्याच्या पानांचे टाळे आणि मागे केळीचं अख्खं पान. हार हाताने काढायचा नाही, आपोआप सुकून पडला पाहिजे, हा त्यांचा नियम. दुसऱ्या दिवशी जेवण घेऊन निघालो आणि चढावावर टेम्परेचरचा काटा वर चढायला लागला. मी गाडी बाजूला घेतली. सुट्टीची वेळ जवळ येत होती, आणि आधीच्याच आठवड्यात एकदा उशीर झाल्याने साहेबांनी शेवटचं म्हणून बजावलेलं. बाबांनी पाणी कमी आहे का ते बाहेरच्या डब्यात बघितलं, पंखा फिरतो का ते बघितलं, नळ्या चाचपल्या. सगळं ठीक! मग गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "नदर लागली गो. काल सगळो वाडो बघूक इल्लो."

मी म्हटलं, "बाबा, तिच्या नाकात फुलं कोंबलीत आपण. श्वास कुठून घेईल ती?" केळीचं पान वाऱ्याने रेडिएटरच्या जाळीला चप्प चिकटलं होतं आणि पाकळ्यांचा लगदा फटीफटीत बसला होता. बाबांनी ते बघितलं. हार काढायला तर हवा होता, आणि त्यांच्याने तो काढवत नव्हता. आपण घातलेला देवाचा हार... त्यांचे हात पुढे जायचे आणि मागे यायचे. शेवटी त्यांनी रस्त्यापलीकडच्या काजूंकडे तोंड केलं आणि म्हणाले, "मी बघनय नाय. तुका काय करूचा ता कर." मी तो हार ओरबाडून काढला, नखांनी जाळी मोकळी केली. इंजिन निवेपर्यंत ते तसेच पाठमोरे उभे होते. गेटवर पोचलो तेव्हा सुट्टीचा भोंगा वाजत होता. परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले, "पुढच्या वर्सा हार फाटल्यान बांधूया." फाटल्यान म्हणजे मागच्या बाजूला. तेव्हापासून आमच्या गाडीचा दसरा मागच्या फाळक्यावर होतो.

ते गेल्यावर दिवसकार्य होईपर्यंत जेवणाचं काम बंद होतं. साहेबांनी समजून घेतलं. पुन्हा सुरू करायच्या आदल्या संध्याकाळी प्रसाद म्हणाला, "ही गाडी आता काढून टाकूया. बाबा होते म्हणून चालत होती." तो वाईट बोलला नाही, खरंच बोलला. नवी गाडी आम्हाला झेपणारी नाही, म्हणजे गाडी गेली की माझं कामही गेलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, एकदा नेऊन तर बघते.

सकाळी टोप चढवले, चावी फिरवली. नुसती 'टक'. दिवे लावले तर लागले, चावी फिरवली की मरगळले. बॅटरीची टोकं घट्ट होती. गाऱ्हाणं घालायला तोंड उघडेना. व्हय म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. जंपरची काळी केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला चिमटलं. पुन्हा चावी फिरवली तर सेल्फ गरकन फिरला. म्हणजे बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, मधली अर्थिंगची तारच वीज नेत नव्हती. केबल तशीच अडकवून निघणं म्हणजे वाटेत कुठेतरी बंद पडून बसणं. वाकून खाली हात घातला तर ती तार एका जागी जोडलेली होती. वर चिकटपट्टी, आणि तिच्यावर निळ्या चौकड्यांच्या लुंगीची पट्टी, गच्च आवळून, गाठीवर गाठ देऊन. बाबांची लुंगी. डोळ्यांना नीट दिसत नसताना कधी तरी त्यांनी ती बोटांनी चाचपून बांधली असणार, मला न सांगता. आणि आत पाणी शिरून तोच जोड कुजला होता.

माझ्याने ती गाठ सोडवेना. मी पाना हातात धरून उभी राहिले आणि रडायला लागले... सासूबाई मागच्या दाराने बाहेर आल्या. मी म्हटलं, "बाबांनी बांधलेलं आहे, आई."

त्यांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "सोड गो. गाडी चलूक होयी म्हणानच तेनी ती बांधलेली."

मी गाठी सोडवल्या. आत तांब्यावर हिरवी भुकटी बसली होती. तेवढी तार कापली, उरलेलं टोक काचपेपरने लख्ख होईपर्यंत घासलं आणि नटाखाली घट्ट आवळलं. पिकप सुरू झाली. बॉनेट लावून हात पुसायला मी ती पट्टी शोधायला लागले तर ती बॉनेटवर नव्हती, खालीही नव्हती. गाडी मागे घेताना आरशात सासूबाई दिसल्या. विहिरीकडच्या दगडावर बसून त्या ती पट्टी साबण लावून चोळत होत्या. इंजिनाचं तेल कपड्यातून जात नाही, हे त्यांच्याइतकं त्या घरात कुणाला माहीत असणार... मी हॉर्न न वाजवता हळूच बाहेर पडले.