चाकाचा देव

चहा घ्या, पण घोट जरा बेताने घ्या. गोष्ट माझ्या मूर्खपणाची आहे, मधेच ठसका लागेल. आता काय सांगू, माणूस दुसऱ्याला फसवतो हे समजतं. मी स्वतःलाच फसवलं, आणि तेही चांगले तीन दिवस.

झालं असं की बोईसरच्या नाक्यावर माझी सायकल भिंतीला टेकून उभी होती. एक टेम्पो मागे येता येता तिच्यावरच चढला. मी तेव्हा दुकानात चहाची पूड घेत होतो म्हणून वाचलो. सायकल नाही वाचली. टमटमच्या टपावर घालून घरी आणली तर बायको, आमची म्हातारी, दारातूनच म्हणाली, "हे मढं कशाला आनलंत?"

"आग, आजून लय कामाचं हाय ते."

आणि होतंच कामाचं. ट्यूब कापून पट्ट्या काढल्या नि कुंपणाचे बांबू आवळले. सुंभ कुजतो, रबर कुजत नाही. मडगार्ड उलटं करून कौलाखाली लावलं, पागोळ्यांचं पाणी नीट पिंपात पडायला लागलं. सीट ओंडक्यावर ठोकली, त्यावर म्हातारी चुलीपुढे राणीसारखी बसते. मागचं चाक पार चेपलं होतं, त्याच्या तारा काढल्या. सातपाटीच्या बायका बाजारात सुके बोंबील आणतात ना, ते त्या तारेत ओवून निखाऱ्यावर भाजावेत. एकदा खाऊन बघा.

राहिलं पुढचं चाक. थोडं वाकडं होतं, पण फिरत होतं. आमचं शेत डोंगराच्या पायथ्याशी, पावसावरचं. भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर आल्या की पोपटांची पंगत बसते. मी ते चाक, त्याला धरून ठेवणाऱ्या चिमट्यासकट, लांब बांबूच्या टोकात खोचलं. तारांमध्ये तेलाच्या डब्याचे पत्रे अडकवले आणि म्हातारीच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. वारा आला की असं खडखडायचं की पोपट सोडा, मीसुद्धा दोनदा दचकलो.

मग एक दिवस रामआसरे भंगारवाला आला. बोईसरहून हातगाडी घेऊन येतो, माणूस गरीब आणि भाविक. चाकावर त्याची नजर बसली.

"बाबा, वो चक्का दे दो. बदले में बढ़िया टोप ले लो."

आता नको म्हटलं तर तो तासभर घासाघीस करणार. मी म्हटलं, "उसको हात मत लगाव. वो देव का हाय."

त्याने चपला काढल्या, बांधावरून हात जोडले आणि निघून गेला. मला वाटलं, काय हुशार माणूस आहे मी.

महिनाभराने भात पिकलं. आमच्याकडे कापणीला पाचसहा घरं एकत्र येतात, आज माझं शेत, उद्या तुझं. सकाळी विळे घेऊन सगळे आले. पुढे मी. बांबूपाशी पोचलो आणि पाय जागीच रुतले. बुडाशी नारळ, शेंदूर, जळक्या अगरबत्त्या आणि पिठाची एक बाहुली. तिला हात होते, पाय होते, मुंडकं मात्र नव्हतं.

"लाडक्या," मी शेजाऱ्याला म्हटलं, "माज्या शेतात कोनी करनी केली रं."

लाडक्या माझ्या मागे होता, तो एकदम बांधावर दिसला. कसा गेला ते कळलं नाही. बाकीचेही गेले.

"भगताला दावल्याबिगर आमी नाय शिरनार," लाडक्या म्हणाला. "तुमी पन नका शिरू, काका."

करणी-बाधा उतरवणारा आमचा भगत शिरगावला सोयऱ्यांकडे गेला होता. त्याने निरोप धाडला, परवा येतो. इकडे भात असं पिकलेलं की नुसता वारा लागला तरी दाणा गळत होता. वर्षभराचं खाणं ते. आणि दुपारनंतर आभाळ भरून यायचं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर गेलो तर माझीच बातमी मला परत मिळाली. बाहुल्या तीन झाल्या होत्या. एकीला माझ्यासारख्या मिशा होत्या म्हणे. मी मिशीवर हात ठेवूनच घरी आलो. रात्री पोटात दुखायला लागलं.

"बोंबील किती खाल्लंत ते सांगा आदी," म्हातारी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे बांधावर बसून गळणाऱ्या भाताकडे बघत होतो. तेवढ्यात रामआसरे आला. हातात पेढ्यांचा पुडा. चपला काढल्या आणि सरळ शेतात.

"आरे, मत जाव. मरेगा," मी ओरडलो.

"क्यों मरूँगा, बाबा? आपके देवता ने मेरी सुन ली. बेटी को लड़का हुआ, दोनों ठीक हैं. चार दिन पहले आकर नारियल चढ़ाया था, आटे का दिया भी जलाया था." मग खाली वाकून ती बाहुली उचलली आणि म्हणाला, "दिया तो चूहे खा गए."

म्हातारीने सावकाश माझ्याकडे मान वळवली.

"ह्याला देव कोनी सांगितला?"

मी पेढा तोंडात टाकला. भरल्या तोंडाने बोलू नये.

पण खरं सांगतो, छातीवरचा धोंडा उतरला. पोटातलंही थांबलं. लाडक्या इतका हसला की विळा ठेवून खाली बसला. मग सगळे असे भिडले की ऊन कलायच्या आत शेत मोकळं. भारे घरात गेले आणि पाठोपाठ पाऊस कोसळला. एक भारा भिजला नाही.

तेवढ्यात भगत आला, छत्री घेऊन, दमलेला. पडवीत टेकला, पाणी प्याला आणि विचारलं, "बाधा कुटं हाय?"

म्हातारीने भाकरी थापता थापता माझ्याकडे बोट केलं.

भगताने मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"ही जुनी दिसतेय," तो म्हणाला. "ही माज्यानं नाय निघायची."