इस्त्रीची वायर

कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, म्हणून ही मास्तरीण. वरच्या मजल्यावर भाड्याची एकच खोली; तिथंच मशीन, तिथंच चूल, तिथंच अंथरूण. हात भारी सफाईदार, पण बाई मनाची भित्री. भांडं पडलं तरी छातीत धस्स व्हायचं.

खोली देताना घरमालक काका म्हणाले होते, घराचा विमा उतरवलाय, तू निर्धास्त राहा. राहिली बापडी निर्धास्त! विमा कुणाचा आणि कशाकशाचा, हे विचारायचं सुचतं कुणाला?

काल ती बटणं आणायला गेली आणि परत आली तर खिडकीतून धूर. बंबवाल्यांनी आग विझवली, पण खोलीचा पार कोळसा झाला. काकांनी जिन्यातच सुनावलं. वायरिंगनं पेट घेतला असेल तर विमा कंपनी भिंती उभ्या करून देईल; इस्त्री चालू राहिली असेल तर कंपनी तो खर्च तुझ्याकडून वसूल करेल, आणि मग दुसरी खोली बघ.

इस्त्री झाली की प्लग काढायचा आणि वायर मुठीला गुंडाळून ठेवायची, ही तिची जन्माची सवय. पण काल गुंडाळली होती का? आठवेना. जितकं आठवायला जाई तितकं मनातलं पुसट होई. रात्रभर बहिणीकडे टक्क जागी होती.

सकाळी विम्याचा माणूस आला आणि काठीनं राख उकरू लागला. मास्तरीण उंबऱ्याबाहेर उभी. इस्त्री सापडली तेव्हा तिनं डोळेच मिटून घेतले.

"वायर गुंडाळलेली आहे," तो म्हणाला.

इस्त्रीची मूठ वितळून गोळा झाली होती आणि त्या गोळ्यात तांब्याच्या तारांचे वेढे रुतले होते. म्हणजे प्लग काढलेला होता. मग त्यानं सॉकेटमागची काळी भिंत काकांना दाखवली. आग तिथूनच निघाली होती. काकांनी मान खाली घातली. मास्तरीण मटकन पायरीवर बसली आणि रडली.

रडता रडता तिचं लक्ष कोपऱ्यातल्या जळक्या ढिगाकडे गेलं. एका आईविना पोरीचा लग्नाचा पोशाख होता तो, आईच्या जपून ठेवलेल्या रेशमी कापडातून शिवलेला. फक्त बटणं लावायची राहिली होती.

"आणि गिऱ्हाइकांचे कपडे?" तिनं विचारलं.

"यांचा विमा भिंतींचा, छपराचा. आतल्या सामानाचा भाडेकरूनं वेगळा घ्यायचा असतो. तुमचा आहे का?"

तिनं नकाराची मान हलवली.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. ती पोरगी ठरल्याप्रमाणे माप बघायला आली होती. जळकट वासानं अर्ध्या जिन्यातच थबकली.

"मास्तरीणबाई, आईचं कापड वाचलं ना?"

मास्तरीण धडपडत उठली आणि पोरीला आतलं दिसू नये म्हणून दारात आडवी उभी राहिली. बटणांची पुडी अजून तिच्या मुठीतच होती.