बुटाला लागलेली माती

दसरा सरला की आमच्या शाळेचं मैदान शाळेचं राहत नाही. हदगाव तालुक्यातलं आमचं गाव, आणि गावात एवढी मोठी, सपाट, दिवसभर उन्हाची जागा दुसरी नाही. मळणी झाली की जो तो ताडपत्री घेऊन येतो आणि सोयाबीन पसरतो. ओला माल मोंढ्यावर नेला की व्यापारी भाव पाडतात, म्हणून वाळवावंच लागतं, हे मला कळतं. मीही शेतकऱ्याचीच लेक आहे. पण नेमके त्याच दिवसांत शालेय फुटबॉलचे सामने असतात आणि मी पडले खेळाची शिक्षिका. त्यामुळे दरवर्षी माझं आणि गावाचं जुंपतं.

सगळ्यात जास्त जुंपायचं ते एका बाईशी. तिची ताडपत्री बरोबर गोलच्या तोंडाशी.

"अहो, तिथून तरी हलवा की!" मी ओरडायची.

ती पदर खोचून उभी राहायची. "मॅडम, तुमचा चेंडू उद्याबी गोलच राहील. माझा माल उद्या भिजला तर तुम्ही वाळवून देता का?"

पोरी तोंडावर हात ठेवून खिदळायच्या, आणि त्यात त्या बाईची स्वतःची मुलगीही असायची.

ही मुलगी आठवीतली, संघात सगळ्यात लहानखुरी. आईनं तिला नांदेडहून बूट आणले होते, पाय वाढेल म्हणून चांगले मोठे, आणि पुढच्या टोकात घरचा कापूस कोंबून दिला होता. पोरगी त्या बुटांना जिवापाड जपायची.

मैदान असं अडलं की शाळेची भिंत आणि ताडपत्र्या यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी उरायची. सरावाला तेवढीच जागा. चेंडू कुणाच्या सोयाबीनवर गेला तर शिव्या ठरलेल्या, म्हणून उंच मारायची सोयच नव्हती. त्या पट्टीत ही लहानगी कुणाला ऐकायची नाही. तळपायाखाली चेंडू धरून ती तो मागे ओढायची, बाजूला ओढायची, आणि मोठ्या पोरी नुसत्या लाथा झाडत राहायच्या. मला मात्र ते बघून संताप यायचा. "अगं, पाय उचल की! मार पुढे!" ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. ती घाबरून मारायची आणि चेंडू भलतीकडेच जायचा.

त्यामुळे सामन्यांना मी दांडग्या पोरी उतरवायची. नांदेडला जिल्ह्याच्या सामन्यांत तेच केलं. मागून लांब मारायचं, आमची एक उंच पोरगी पळत जाऊन गाठायची, गोल. आम्ही जिंकलो, आता लातूरला विभागाचे सामने खेळायचे होते. लहानगी नांदेडला सगळे सामने बाहेर बसून होती. बूट घालून, नाड्या करकचून बांधून, पाण्याच्या बाटल्या राखत.

परत येताना एसटीनं आम्हाला फाट्यावर सोडलं. पोरी नाचत गावाकडं निघाल्या. मी मागं वळून बघते तर ही एकटी मागं राहिलेली. रस्त्याकडेच्या शेतात पाणी सुटलं होतं, त्या बांधावर ती बूट घालून उभी होती आणि पाय चिखलात दाबून राहिली होती. एकदा डावा, एकदा उजवा.

"काय करून राहिलीस गं?"

ती दचकली. "काही न्हाई मॅडम."

"काही नाही काय? चांगले बूट चिखलात घालतेस?"

तिनं मान खाली घातली. "घरी गेलं की आई बूट धुती. कोरे बघितले की तिला वाईट वाटंल."

"याच्या आधीच्या सामन्यांनाही असंच केलंस?"

"हाव," ती म्हणाली.

मी तापट बाई आहे. राग आला की समोरच्याला झोडपून मोकळी होते. तेव्हाही लई राग आला होता, पण समोर एवढीशी पोरगी चिखलाचे बूट घालून उभी, तिला काय बोलणार? मी खाली वाकून तिची सुटलेली नाडी बांधली आणि आम्ही दोघी गावापर्यंत चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेले ते भांडायला नव्हे. मायलेकी अनवाणी सोयाबीन उलथत होत्या. आमच्याकडं माल पायानंच उलथतात. दाण्यांतून पाय ओढत तास धरून जायचं, म्हणजे खालचा ओला दाणा वर येतो. आई पोरीला सांगत होती, "पाय उचलू नको गं. घासत ने. उचलला की दाणा उडतोय."

मी बघतच राहिले. हे ओढणं, हे तळव्यानं वळवणं, मी वर्षभर जे पुसून टाकायला बघत होते, ते इथून आलं होतं. लेकराच्या पायात आधीपासून जे होतं ते मी शिकवणीच्या नावाखाली काढून घेत होते.

त्या दिवसापासून पट्टीत मी एकच नियम ठेवला. चेंडू जमिनीवर, पायाजवळ, आणि मॅडमचं तोंड बंद. शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. उंच पोरीला त्या अरुंद जागेत वळताच येईना, ती रडकुंडीला आली. मग लहानगीनंच तिला तळवा कसा टेकवायचा ते दाखवलं. आणि मी ठरवलं, लातूरला प्रत्येक पोरगी निदान अर्धा सामना खेळणार.

हेडसर ऐकून उडालेच. "मॅडम, विभागाचे सामने आहेत. हे दिवस काय प्रयोगाचे आहेत का?"

"सर, गणिताच्या तासाला तुम्ही फक्त हुशार पोरींनाच वर्गात घेता का?"

"आणि हरलात तर?"

"हरलो तर हरलो," मी तोऱ्यात म्हणाले.

बोलायला काय जातं! लातूरला अर्ध्या वेळेला एक-एक बरोबरी होती. समोरच्या पोरी चांगल्या हाडापेरानं मजबूत. माझा फोन सारखा वाजत होता, हेडसरांचाच असणार, मी उचलला नाही. उंच पोरगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, हिला आत्ता नका ना घालू." खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच होतं. एवढ्या जवळ आलोय, जिंकून जाऊ, हिला पुढच्या वर्षी बघू. मग लहानगीकडे लक्ष गेलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. नाड्या सोडून पुन्हा बांधत बसली होती. चिखल शोधायची सवय लागलेलं ते लेकरू आज परत कुठल्या बांधावर थांबेल, हे मला दिसायला लागलं.

"ऊठ," मी म्हणाले. "जा, सोयाबीन वाळव. पाय उचलू नको."

ती फिसकन हसली आणि पळाली.

सकाळी मैदानावर पाणी मारलेलं होतं, लाल मुरूम ओला होता. पहिल्याच धडकेला ती पडली. दुसऱ्यांदा एक दांडगी पोरगी अंगावर आली, तेव्हा हिनं तळव्यानं चेंडू मागं ओढला, ती पोरगी पुढं निघून गेली आणि हिनं उंच पोरीला चेंडू दिला, अगदी पायात. तिनं मारलेला चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. काय सांगू, मी लहान पोरीसारखी उड्या मारत होते! पुढं त्यांचा एक गोल झाला आणि आम्ही हरलो. एसटीत उंच पोरगी हुंदके देत राहिली आणि शेवटी लहानगीच्याच खांद्यावर झोपली.

गावात पोचलो तेव्हा मैदानावर लोक माल गोळा करत होते. मी पोरीबरोबर तिच्या आईपाशी गेले. हरलो हे कसं सांगावं ते ठरवत होते. बाईनं निकाल विचारलाच नाही. पोरीला खाली बसवलं, पायातले बूट काढले, एक उलटा केला आणि तळाची माती नखानं खरडून तळहातावर चोळली. लाल होती.

"ही आपली माती न्हाई," ती म्हणाली.

"लातूरची हाय," पोरगी म्हणाली.

"हाव. नांदेडच्या मैदानालाबी मुरूमच हाय, मी बूट आणायला गेले तवा बघितलाय. तिथून मातर तू आपली काळी माती घेऊन आलीस."

पोरगी गोठून बसली. आईनं तिच्या खरचटलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी काय बोलणार? धुवून ठेवायची."

मग तिनं जागा केली. ज्या मालावर चेंडू पडला तर ती अख्खं गाव डोक्यावर घ्यायची, त्याच वाळलेल्या सोयाबीनवर, राशीच्या कडेला, तिनं ते मातीचे बूट तसेच ठेवले.

"आज धुवायचे न्हाईत," ती म्हणाली.